लालीचा ढावलो

१३ मे १९५९, बुधवार

आजही नाही! पोस्टमन सायकल दामटत दारावरून निघून गेला, मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं. म्हणजे याही उन्हाळ्यात गोव्याला जाणं नाही. परवान्यासाठी अर्ज केला, त्यानंतर होळी गेली, पाडवा गेला. सरहद्दीच्या पलीकडे आई, अलीकडे मी. शाळेतल्या नकाशावर बोट ठेवलं तर वीतभर अंतर! पण तिकडे पोर्तुगीजांचं राज्य, इकडे आपलं, दोघांचं फाटलेलं — म्हणून मी सुट्टीत पांढरकवड्याला बसून भिंतीकडे बघायचं.

नलू मात्र तरारलेली. नलू म्हणजे माझ्याच कन्याशाळेतली, लहान वर्ग घेते. आम्ही दोघी एकाच खोलीत राहतो. म्हणाली, "प्रेमाताई, तोंड पाडून कायले बसल्या? लालीच्या तांड्यावर जाऊ ना! तिचा निरोप हाये — नाई आल्या तं जल्मभर बोलनार नाई म्हने."

लाली. दोन वर्षांपूर्वी तिचा बाप खेमसिंग तिला आमच्या दारात घेऊन आला होता. खांद्यावर ज्वारीचं पोतं, मागे ही उंच काळीसावळी मुलगी. "पोरीले शिकाचं हाये बाई. रोजचं येनं-जानं जमत नाई. तुमच्यापाशी ठेवा." शाळेत उशिरा आलेली, वर्गातल्या मुलींपेक्षा डोकंभर उंच. आधी माझी विद्यार्थिनी होती. मग एका खोलीत, एका चुलीवर तिघींनी भाकऱ्या भाजता भाजता ती मैत्रीण कधी झाली कळलं नाही. आता सातवीची फायनल देऊन ती घरी गेली आहे. जूनमध्ये यवतमाळला ट्रेनिंगला जायचं, मास्तरीण व्हायचं — दोन वर्षं मी हेच घोकवलं तिच्याकडून. आणि आता या महिन्याच्या अखेरीला तिचं लग्न!

शिवरात्रीच्या सुमाराला खेमसिंगला मी बोलले होते. त्यानं हात जोडले. "बाई, जबान देल्ली हाये. लाली पाळन्यात होती तवाची." माणूस इतका गरीब स्वभावाचा की भांडताही येईना. घरी येऊन मी भांडी घासली, नुसती आपटून आपटून!

जाते मी तांड्यावर. आठवडाभर राहते. मजा करते. पण एकदा लालीला बाजूला घेऊन सरळ विचारणार — तुला काय हवं, लग्न की ट्रेनिंग? तिच्या तोंडून 'ट्रेनिंग' एवढं निघू दे, खेमसिंगचे पाय धरायला मी मागेपुढे पाहणार नाही.

१५ मे, शुक्रवार

पोचलो. उजाडायच्या आत गाडी जुंपून खेमसिंग हजर. केळापूरच्या देवीला वाटेतूनच हात जोडले. ऊन चढायच्या आत तांडा गाठायचा म्हणून बैल नुसते पळवले त्यानं. माझी कंबर गेली कामातून.

लालीला मी ओळखलंच नाही! आमच्या खोलीत पातळ नेसणारी, केसांना तेल लावून दोन वेण्या घालणारी लाली — आणि इथे घेरदार घागरा — फेटिया म्हणतात — आरशांची कांचळी, डोक्यावरून ओढणी, चालली की सगळं छुमछुमतं. धावत आली आणि गळ्यात पडली. "बाई, तुमी आल्या! मले वाटलं तुमी रागावल्या." मी म्हटलं, "रागावलेच आहे. पण तुझ्या आईच्या हातचं खाऊन मग रागवेन."

तिची आई सुखीबाई हसतमुख, बोलणं कमी. आतेबाई रुपीबाई आहे ती सगळ्यांच्या वाटचं बोलते! माझा हात उलटापालटा करून पाहिला. बांगड्या कमी, म्हणून हळहळली. वय विचारलं. नवरा का नाही विचारलं. मग माझं गाव कुठलं. समुद्राकाठचं, म्हटलं. "समुंदर म्हंजे केवढा? आमच्या नदीएवढा?" नलू हसून लोळायला लागली. नलूचं बालपण बोरी अरबला तांड्याच्या शेजारी गेलं, तिला यांची बंजारा बोली थोडी समजते. मला शब्दसुद्धा नाही. दिवसभर माझ्याभोवती बोलणं चाललेलं, हसणं चाललेलं, आणि मी मध्ये बसून उगाच मान हलवते आहे — परमुलुख परमुलुख म्हणतात तो हा.

उन्हाबद्दल काय लिहू. आमच्याकडे मे महिन्यात घामानं अंघोळ होते. इथे घाम येतच नाही, यायच्या आत वाळतो. ओठ फुटले. सुखीबाईंनी कनवटीला कांदा बांधायला दिला. बांधला!

१६ मे, शनिवार

किती दिवसांनी एवढी हसले.

पहाटे नदीवर गेलो. नदी म्हणजे नुसती वाळू. बायका वाळूत हातानं खड्डा करतात — झिरा म्हणतात त्याला — आणि बसून राहतात. तळाशी हळूहळू पाणी जमतं. करवंटीनं भरायचं. घाई केली की गढूळ. मी घाई केली! लाली म्हणाली, "बाई, शाळेत मले सांगत होत्या ना, सबूर ठेव, गनित आपोआप सुटते? आता तुमी सबूर ठेवा." चांगली ठोकली मला.

येताना टेंभरं वेचली. पिवळी, गुळचट, बिया नुसत्या चोखायच्या. तेंदूची पानं तोडणाऱ्या बायका वाटेत भेटल्या, त्यांनी ओंजळभर चारं, म्हणजे चारोळीची फळं, दिली. नलू झाडावर चढली. मास्तरीण झाडावर! लाली खालून ओढणी पसरून उभी. मी म्हटलं, हेडमास्तरीणबाईंनी पाहिलं तर दोघींच्या नोकऱ्या जातील.

जेवताना खेमसिंग विचारत होता, "बाई, तुमच्या देशात राज कोनाचं?"

"पोर्तुगीजांचं."

"अजून? इंग्रज तं कवाचा गेला!"

"हे नाही गेले."

त्यानं भाकरी मोडली. मग म्हणाला, "मंग तुमाले मायले भेटाले दुसऱ्या राजाले इचारा लागते?" हो म्हटलं. "आमचे आजे-पंजे बैलांवर मीठ लादून कुठून कुठं जायचे. कोन्या राजाले नाई इचारलं." सुखीबाईंनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, न विचारता. मी पाणी प्यायचं निमित्त केलं.

लालीला विचारायचं राहिलं. एकटी सापडतच नाही, सतत चार मुली भोवती.

१७ मे, रविवार

आमरस आणि शेवया. दुपारभर कडुनिंबाखाली बाजेवर. काही केलं नाही, काही विचार केला नाही. असा दिवस आयुष्यात किती वेळा येतो?

१८ मे, सोमवार

अरे देवा. काय करून बसले मी आज! लिहितानासुद्धा कान तापतात.

दुपारची वेळ. सगळा तांडा निजलेला. मला झोप येईना म्हणून रांजणाकडे पाणी प्यायला गेले. तर गोठ्यातून रडण्याचा आवाज. जाऊन पाहते तो लाली! बैलाच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी घातलेली, कपाळ त्याच्या वशिंडाला टेकलेलं, आणि गदगदून रडते आहे. मधेच काहीतरी लांब सुरात म्हणते, पुन्हा हुंदका. 'याडी, याडी' एवढंच कळलं. याडी म्हणजे आई.

पुढे व्हायला हवं होतं, तिला हात लावायला हवा होता. पण माझा स्वभाव — डोक्यात एकदा ठिणगी पडली की झालं! तशीच वळले आणि उन्हातून सरळ नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या अंगणात. तिथे मांडवाच्या बांबूंबद्दल बोलत नायक नेमसिंग, खेमसिंग आणि चारदोन म्हातारे बसलेले. मी म्हटलं — मोठ्यानं, सगळ्यांसमोर — "खेमसिंगभाऊ, तुमची लाली गोठ्यात रडते आहे. तिला हे लग्न नको आहे. ती शिकायला जायचं म्हणते."

ती कधी म्हणाली होती? पण बोलून गेले.

नायकाच्या हातातली चिलीम तशीच. खेमसिंगचा चेहरा राखेसारखा झाला. तो उठला, पागोटं सावरलं. मला वाटलं आता हा मला गाडीत घालून पांढरकवड्याला सोडणार. पण तो नायकाला म्हणाला, "थांबा. पोरीले इचारू द्या मले." एवढंच. आणि निघाला.

आम्ही सगळे त्याच्या मागे. आवाजानं बायका उठल्या. रुपीबाई डोळे चोळत बाहेर. नलूनं तिला काय झालं ते सांगितलं, आणि रुपीबाई जी हसत सुटली! पोट धरून खालीच बसली. नलूकडून मग मला कळलं. यांच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते — पण नुसतं रडायचं नाही, गाऊन रडायचं. त्याला ढावलो म्हणतात. आईसाठी वेगळा, बापासाठी वेगळा, मैत्रिणीसाठी वेगळा. शब्द तिचे तिनं जुळवायचे. लग्नाआधी महिनाभर थोरल्या बायका मुलीला तो शिकवतात, आणि जिचा ढावलो ऐकून दगडाला पाझर फुटेल ती मुलगी गुणाची. रुपीबाई म्हणाली, "म्याच सांगतलं होतं तिले, मानसासमोर लाज वाटते तं आधी बैलापाशी घोकून पाह्य!"

मग सगळेच हसले. नायक हसला. म्हातारे हसले. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मीही हसायला लागले. हसत हसत डोळे पुसत होते. तेवढ्यात लाली गोठ्यातून बाहेर आली. तोंड ओलं, नाक लाल. खेमसिंग हसत नव्हता. त्यानं सगळ्यांसमोर तिला विचारलं, आपल्या बोलीत नव्हे, माझ्यासाठी म्हणून असेल, मराठीत, "लाली, तुले हे लगीन नको हाये काय? सांग. मी जबानीचं पाहून घेईन."

लालीनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोवर हसतच होते. मग तीही हसली. म्हणाली, "काय बाबा तुमी बी! मी तं ढावलो घोकून राह्यली होती."

झालं. खेमसिंगनं मोठा श्वास सोडला. सुखीबाई चहा ठेवायला गेल्या. आणि मी! शिकलेली, शहाणी, गोव्याहून एवढ्या लांब येऊन यांच्या पोरीला वाचवायला निघालेली!

१९ मे, मंगळवार

तांडाभर माझं नाव झालं आहे — रडं बंद करणारी बाई. सकाळी एक पोर नुसतं पडून रडत होतं तर त्याची आजी म्हणते, "बाईले बोलवा!" मीही हसून साजरं केलं. दुसरं काय करणार.

पण मन खातं आहे. नलूला म्हटलं, मी असं कसं केलं? ती म्हणाली, "तुमाले वाटलं ते केलं. पन प्रेमाताई, इथलं तुमाले समजत नाई ना. आमाले बी सारं समजत नाई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आमच्यात छप्पन साली दीक्षा झाली तवा यवतमाळच्या एक बाई आमच्या घरी येऊन माह्या मायले समजावत होत्या. देव सोडू नका, पाप लागते. लय मायेनं बोलत होत्या. माय ऐकून घे, चहा दे. त्या गेल्या का म्हने, यायले काय ठाव आमचं."

ते लागलं मला. नलूनं लागावं म्हणून नाही सांगितलं, पण लागलं.

खरंच, परक्या माणसानं किती नाक खुपसायचं? आमच्याकडेही असे लोक येत. पणजीहून एक पाखला, म्हणजे गोरा पोर्तुगीज, अधिकारी आला होता लहानपणी, आमच्या आवाठातल्या, वाड्यातल्या बायकांना शिगम्याच्या गाण्यांत काय वाईट आहे ते समजावत होता. आई आतून म्हणाली होती, त्याला म्हणावं आधी बस, पेज खा. मी त्या अधिकाऱ्यासारखी झाले की काय? इथल्या बोलीचा एक शब्द येत नाही, रडणं कुठलं आणि गाणं कुठलं ते कळत नाही, आणि भर सभेत निकाल देऊन मोकळी!

ठरवलं. आता लालीला काही विचारायचं नाही. बापानं विचारलं, सगळ्यांसमोर विचारलं, तिनं सांगितलं. माझ्या मनातलं ट्रेनिंग ते माझं. तिच्या गळ्यात का बांधू?

लाली आज माझ्यापासून जरा लांब लांबच आहे. लाजली असेल. मी तिचा घोळ केला ना सगळ्यांसमोर.

२० मे, बुधवार

संध्याकाळी तिघी नदीवर. एवढी एकच जागा आहे जिथं गुडघाभर पाणी उरलंय, म्हशींचं आणि आमचं. कपडे वर खोचून बसलो. पाणी वरून कढत, पायाखाली गार. लालीनं माझे केस धुतले — रिठ्यानं, सावकाश, आमच्या खोलीत रविवारी मी तिचे धुवायची तसे. नलू पलीकडे दगडावर पालथी पडून तेंदूची पानं पाण्यात सोडत होती.

मला वाटलं, हा आठवडा असाच इथे थांबवता आला असता तर! घर नाही, सरहद्द नाही, शाळा नाही, लग्न नाही. तीन बाया आणि गुडघाभर पाणी. आईला हे सांगावंसं वाटलं. तिला कसं सांगणार — वाळूत बसून मी सुखी होते म्हणून?

लालीनं मागून विचारलं, "बाई, तुमी घरून निघाल्या तवा रडल्या होत्या?"

नाही, म्हटलं. आईनं बजावलं होतं, निघताना डोळ्यांत पाणी आणू नको, अपशकुन होतो. मामा बरोबर होता, गाडी उभी होती. मी हसून हात हलवला. तेव्हा वाटलं होतं दिवाळीला येईनच.

"मंग ते रडं कुठं गेलं?"

मी म्हटलं, "कुठं जाणार, आहे आतच." तिचे हात थांबले माझ्या केसांत. मला वाटलं ती आणखी काही म्हणणार. मीही एक क्षण तोंड उघडलं होतं. मग कालचं आठवलं — ठरवलं होतं ना? — आणि म्हटलं, "तुझा ढावलो छान होईल बघ. बैलसुद्धा रडला असेल परवा." ती हसली नाही. केसांवर पाणी ओतलं. रिठा डोळ्यांत जाईल म्हणून मी डोळे मिटून घेतले.

२१ मे, गुरुवार

परत. नलूला उद्याच्या बुद्धजयंतीसाठी यायचंच होतं. सुखीबाईंनी चारोळ्या, कुरडया, लोणचं, काय काय बांधून दिलं. खेमसिंग गाडी हाकता हाकता म्हणाला, "त्या दिवशी तुमी बोलल्या ते वाईट नाई केलं बाई. मले बी कदी कदी वाटते, पोरीले इचाराले पाह्यजे होतं. आता इचारलं. मन साफ झालं." किती मोठ्या मनाचा माणूस!

खोलीत आल्यावर तिसरी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी दिसली. लालीची. सुट्टीत झाडताना मीच ठेवली असेन.

२२ मे, शुक्रवार

नलूनं पांढरं पातळ नेसलं. डोमाजी — तिचे वडील — बोरीहून मुद्दाम आले. मिरवणुकीत मीही चालले, ऊन डोक्यावर. खीर खाल्ली. त्यांच्या वस्तीत एवढी माणसं एवढ्या उन्हात एवढी खूश मी प्रथमच पाहिली. रात्रीच्या गाडीनं नलू वडिलांबरोबर बोरीला गेली. लग्नाला तिला येता येणार नाही, भाऊ आजारी आहे.

२५ मे, सोमवार

एकटी. ऊन. पोस्टमन आला होता — शेजारच्यांचं पत्र माझ्याकडे देऊन गेला!

२९ मे, शुक्रवार

लग्न झालं. काल दुपारी गेले, आज बारा वाजता परतले. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

नवरा मुलगा चांगला वाटला. भावसिंग म्हणून कोणी आहे, त्याचा थोरला. शांत, कानाला बाळी, माझ्या पाया पडला. "बाईनं लाली शिकवली" म्हणून त्याच्या बहिणी मला येऊन येऊन पाहत होत्या. मला उगाच वाईट वाटायचं काय कारण? चार एकर जमीन, दोन बैल, दारू पीत नाही म्हणतात. लाली सुखात राहील. सकाळपासून मी स्वतःला हेच सांगत होते.

निघायची वेळ आज सकाळची. नवा बैल सजवून आणला, शिंगांना गोंडे, पाठीवर झूल. आणि लालीला त्या बैलाच्या पाठीवर उभी केली! दोन्ही बाजूंनी भाऊबंदांनी धरलेली. तिथं उभी राहून तिनं दोन्ही हात वर केले आणि तांड्याकडे तोंड करून आवाज लावला. असा आवाज तिला आहे हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं! शाळेत प्रार्थना म्हणताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायची.

मग खाली उतरून एकेकाच्या गळ्यात. आईच्या. सुखीबाई उभ्या राहू शकेनात. बापाच्या — खेमसिंग लहान पोरासारखा रडला. रुपीबाई, मामा, शेजारणी, प्रत्येकासाठी वेगळे शब्द. ऐकणारे मधेच 'हां, हां' करतात, डोळे पुसतात, चांगलं जुळलं की एकमेकांकडे पाहतात. आता मला समजत होतं. म्हणजे शब्द नाहीत, पण रीत समजत होती.

शेवटी ती माझ्याजवळ आली. मला वाटलं होतं मला नुसता नमस्कार करेल — मी त्यांची कोण? पण तिनं माझ्या मानेला दोन्ही हात घातले, कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं आणि गायला लागली. लांब सूर. 'बाई' एवढा एकच शब्द मला कळे, तो पुन्हा पुन्हा येत होता. भोवतीच्या बायकांतली एक मोठ्यानं हुंदके द्यायला लागली. मी लालीला घट्ट धरलं आणि मग माझाच बांध फुटला. घरून निघताना जे रडले नव्हते ते सगळं रडले. 'आवय' म्हणाले मोठ्यानं, आईला आमच्या भाषेत म्हणतात तसं, लाज न वाटता. तिथं कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

परत येताना गाडीत अंग पिसासारखं हलकं. या लोकांनी मला हे दिलं. आपल्याकडे रडूच नको म्हणतात, इथे रडायला शिकवतात! लाली सासरी जाता जाता माझंसुद्धा काम करून गेली. किती शहाणी रीत आहे. मी किती खुळ्यासारखी ती मोडायला निघाले होते!

नलू आली की सगळं सांगायचं आहे.

२ जून, मंगळवार

बाजारात रुपीबाई भेटली, बांगड्या पाहत होती. मी विचारलं, लालीनं माझ्या गळ्यात पडून काय गायलं? ती खूश झाली. म्हणाली, "सारा तांडा अजून तेच बोलून राह्यला बाई. तुह्यावर बांधला तसा ढावलो तिनं मायवर बी नाई बांधला. म्हने — बाई, तांड्यात कान तुलेच एकलीले होते. त्या दुपारी माह्यं रडं तूच ऐकलं. माह्या बापाले उठून उभा केला. मंग मी तोंड उघडाच्या आधी तू हसली काहून? — असं बांधलं पोरीनं! खरंच वाटे ऐकनाऱ्याले."

बांगड्या चांगल्या आहेत म्हटलं. घरी आले.

त्या दुपारी मला बरोबर ऐकू आलं होतं.